पडद्यावरचे रक्त कसे पाहावे: नवख्या प्रेक्षकासाठी

रक्तबंबाळ भयपटांचा विषय निघाला की घरातले कोणीतरी हमखास विचारते, "असलं काही बघवतं तरी कसं?" प्रश्न वाजवी आहे, आणि 'आवड ज्याची त्याची' एवढे बोलून त्यातून सुटका करून घेण्यात अर्थ नाही. १८९७ साली पॅरिसमध्ये ग्राँ गिन्योल नावाचे एक लहानसे नाट्यगृह सुरू झाले. तिथे रंगमंचावर डोळे काढले जात, गळे चिरले जात, आणि प्रेक्षक तिकीट काढून ते पाहायला येत. १९६२ मध्ये ते बंद पडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हर्शेल गॉर्डन लुईस यांचा 'ब्लड फीस्ट' प्रदर्शित झाला, ज्याला 'स्प्लॅटर', म्हणजे रक्तामांसाचा सडा उघड दाखवणाऱ्या प्रकारातला पहिला चित्रपट मानण्याची प्रथा आहे. दुकान बदलले, गिऱ्हाईक तेच राहिले.

या गिऱ्हाइकाला रक्ताची तहान असते असा समज आहे, पण तो तपासून पाहिला गेला आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना खऱ्या चित्रफिती दाखवल्या: कत्तलखान्यातले काम, एका माकडाची हत्या आणि चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया. नको वाटेल तेव्हा फीत बंद करण्याची मुभा होती, आणि बहुतेकांनी ती शेवटाच्या कितीतरी आधी बंद केली. चित्रपटगृहात याहून कितीतरी पट भयंकर गोष्टी माणसे पॉपकॉर्न खात पाहतात. माझ्या मते या चित्रपटांची सारी गोडी रक्ताच्या खोटेपणात आहे. ते खोटे आहे हे आपल्याला ठाऊक असते, आपल्याला ठाऊक आहे हे दिग्दर्शकाला ठाऊक असते, आणि तरीही पोटात गोळा येतो. हा खेळ जादूगाराच्या प्रयोगासारखा पाहता आला की पुढचे सगळे सोपे होते. पुढील पायऱ्या त्या दिशेने रचल्या आहेत.

पायरी पहिली: आपली किळस कोणत्या जातीची आहे ते ओळखावे

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस सांगितले आहेत. एकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय; दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. पुढे बीभत्साचेही पोटभेद केले आहेत: रक्त वगैरेंच्या दर्शनाने होणारा तो क्षोभज, आणि विष्ठा व किडे यांच्यामुळे होणारा तो उद्वेगी. इतक्या जुन्या ग्रंथातली ही विभागणी आजच्या नवख्या प्रेक्षकाला कोणत्याही संकेतस्थळावरच्या ताऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण बहुतेकांना यांतला एकच प्रकार खरोखर सहन होत नाही आणि दुसऱ्यावर ते निभावून नेतात. तलवारीचा घाव शांतपणे पाहणारा माणूस अळ्या वळवळताना दिसल्या की उठून जातो. याच्या उलट माणसेही मी पाहिली आहेत.

म्हणून चित्रपट निवडण्यापूर्वी स्वतःला काही नेमके प्रश्न विचारावेत. डोळ्याला इजा झालेली पाहवते का? दात? सुई? उलटी? प्राण्याला झालेला त्रास? माझे सांगायचे तर करवतीने माणूस उभा चिरला तरी माझा चहा थंड होत नाही, पण नख उपटले जाताना मात्र मला दिसू नये. जे नको आहे ते चित्रपटात आहे का, याची आधी चौकशी करण्यात कमीपणा नाही. अशा चित्रपटात काय होणार हे कळल्याने फारसे बिघडत नाही. कसे होणार, यातच खरी मजा असते.

एक शारीरिक गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. रक्त दिसताच काही जणांची नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो आणि भोवळ येते. यात भित्रेपणाचा संबंध नाही, ती शरीराची ठेवण असते. रक्ततपासणीच्या वेळी ज्यांना कधी घेरी आली असेल त्यांनी पहिला चित्रपट एकट्याने किंवा उभ्याने पाहू नये. डोके हलके वाटू लागताच मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू काही सेकंद आवळून धरावेत, किंवा सरळ आडवे व्हावे.

पायरी दुसरी: जिथे रक्त फारसे दिसत नाही तिथून सुरुवात करावी

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण डोळ्यांना फसवले कसे जाते हे शिकण्यासाठी 'सायको' (१९६०) इतका चांगला धडा नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या या चित्रपटातले न्हाणीघरातले दृश्य मिनिटाच्या आत संपते. ते पाहिलेला माणूस शपथेवर सांगतो की आपण चाकू अंगात शिरताना पाहिला. प्रत्यक्षात दिसतात ते डझनावारी लहान लहान तुकडे, हात, पडदा, तोंड, पाणी. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चालून गेले, आणि चाकू खुपसल्याचा आवाज खरबुजात चाकू मारून मिळवला होता. प्रथम हे दृश्य जसे आहे तसे पाहावे, मग आवाज पूर्ण बंद करून पुन्हा पाहावे. दुसऱ्या वेळी भीती निम्म्याहून कमी होते. आपले निम्मे भय कानांत राहते ही गोष्ट एकदा अनुभवली की पुढे केव्हाही रिमोटचा आधार घेता येतो.

यानंतर टोबी हूपर यांचा 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' (१९७४) घ्यावा. नाव ऐकूनच लोक दचकतात, पण पडद्यावर रक्त आश्चर्य वाटावे इतके थोडे आहे. मुलीला खाटकाच्या आकड्यावर अडकवण्याच्या कुप्रसिद्ध दृश्यात आकडा अंगात घुसताना दिसत नाही. दिसतो तो तिचा चेहरा, लोंबकळणारे पाय आणि खाली ठेवलेली एक बादली. ती बादली कशासाठी आहे हे आपण मनातच पूर्ण करतो आणि मग आपल्यालाच मळमळते. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने १९७५ मध्ये हा चित्रपट नाकारला आणि १९९९ साली एकही दृश्य न कापता मंजूर केला, हेही पुरेसे बोलके आहे.

जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) याच पायरीवर बसतो. कृष्णधवल चित्र, तुटपुंजे पैसे, पुन्हा चॉकलेट सिरप, आणि माणसाचे मांस म्हणून भाजलेले हॅम.

पायरी तिसरी: रबर आणि पाकाच्या काळात मुक्काम करावा

घाई नसेल तर नवख्या माणसाने इथे दोन-तीन महिने काढावेत. १९७८ ते १९९० या काळात संगणकाची मदत जवळजवळ नव्हती. जे दिसते ते कोणीतरी हातांनी घडवलेले असते, आणि त्यामुळेच कारागिरी पाहण्याची सवय इथेच लागते. या काळातले एक मोठे नाव टॉम सविनी यांचे. व्हिएतनाम युद्धात ते अमेरिकी सैन्याचे छायाचित्रकार होते. मेलेली माणसे त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिली होती, आणि नंतर त्यांनी खोट्या जखमा बनवण्याचा व्यवसाय पत्करला. रोमेरो यांच्या 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) मधले त्यांचे रक्त इतके भडक लाल आहे की ते रंगपेटीतून आल्यासारखे वाटते. काहींना ते हास्यास्पद वाटते. मला मात्र सुरुवातीसाठी तेच योग्य वाटते, कारण डोळा क्षणभरही विसरत नाही की हा रंग आहे.

'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) मधला एक मृत्यू मी प्रत्येक नव्या प्रेक्षकाला दोनदा दाखवतो. तरुण नट केविन बेकन पलंगावर उताणा पडला आहे. खालून एक हात येऊन त्याचे कपाळ दाबून धरतो आणि बाणाचे टोक त्याच्या गळ्यातून हळूहळू वर येते. प्रत्यक्षात नट पलंगाखाली गुडघ्यांवर बसला होता, त्याचे फक्त डोके एका भोकातून वर काढलेले होते आणि मान-छाती सविनी यांनी बनवलेली खोटी होती. रक्त वर आणणारी नळी ऐन वेळी पंपापासून निसटली, तेव्हा पलंगाखालच्या साहाय्यकाने ती तोंडात धरून जोराने फुंकली. म्हणूनच ते रक्त बुडबुडत, उसळ्या मारत येते, पंपाने कदाचित आले नसते तसे. ही हकीकत कळण्यापूर्वी मी त्या दृश्यात डोळे मिटत असे. आता मी पलंगाखालच्या माणसाचे गाल फुगलेले मनात पाहतो आणि तरीही, बाण वर येतो तेव्हा माझा हात गळ्याकडे जातोच. या प्रकाराचे टिकून राहणे मला यापेक्षा चांगले समजावून सांगता येत नाही.

या काळाचे शिखर जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग' (१९८२). अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या एका तळावर कोणत्याही सजीवाची नक्कल करणारा जीव शिरतो, इतकेच कथानक. बेशुद्ध माणसाच्या छातीवर डॉक्टर विजेचे धक्के देत असताना ती छातीच जबड्यासारखी उघडते आणि डॉक्टरांचे दोन्ही हात कोपरांजवळून तोडून टाकते, हे दृश्य रंगभूषाकार रॉब बॉटिन यांनी दोन्ही हात नसलेल्या एका माणसाला डॉक्टरांच्या चेहऱ्याचा मुखवटा घालून आणि खोटे हात जोडून घेतले. काम सुरू झाले तेव्हा बॉटिन विशीच्या सुरुवातीला होते, आणि चित्रीकरण संपल्यावर थकव्याने त्यांना इस्पितळात दाखल व्हावे लागले. त्या वर्षी समीक्षकांनी चित्रपटाला झोडपले, प्रेक्षकही फारसे आले नाहीत. व्हिडिओ कॅसेटवर तो लोकांनी थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहिला, आणि त्याची किंमत तेव्हा कळली. थांबवून पाहणे हा या प्रकारातला गुन्हा नाही, रीत आहे.

पायरी चौथी: हसण्याची लाज बाळगू नये

रक्त एका मर्यादेपलीकडे गेले की किळस उलटून हसू येते. सॅम रेमी यांच्या 'ईव्हिल डेड २' (१९८७) मध्ये नायकाचा स्वतःचाच हात त्याच्यावर उलटतो आणि त्याच्या डोक्यावर बशा फोडतो. पुढे तो हात करवतीने कापून बादलीखाली झाकावा लागतो. न्यूझीलंडचे पीटर जॅक्सन यांनी 'ब्रेनडेड' (१९९२) मध्ये गवत कापण्याचे यंत्र छातीशी धरून झॉम्बींच्या, म्हणजे चालत्या प्रेतांच्या, गर्दीत नायकाला पाठवले. शेवटच्या दृश्यासाठी सुमारे ३०० लिटर खोटे रक्त लागले असे सांगितले जाते, आणि पाहताना तो आकडा कमीच वाटतो. हे चित्रपट चार-पाच मित्रांसोबत पाहावेत. एकट्याने पाहिल्यास निम्मी मजा जाते.

हसू का येते याचा विचार करताना मला ठेच्याची आठवण होते. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने माणसे तिखट मिरची आवडीने का खातात याचा अभ्यास केला होता. जीभ धोक्याची सूचना देते, मन जाणते की धोका नाही, आणि शरीरावर मनाने केलेल्या या कुरघोडीतच सुख असते, असे त्याचे म्हणणे. डोळ्यांतून पाणी काढत भाकरीबरोबर आणखी ठेचा मागणाऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज नसावी.

पायरी पाचवी: स्वतःच्याच शरीराची भीती

आता थोडे जड खाणे. 'बॉडी हॉरर' या प्रकारात मारणारा बाहेरून येत नाही, शरीरच दगा देते. डेव्हिड क्रोनेनबर्ग यांच्या 'द फ्लाय' (१९८६) मध्ये शास्त्रज्ञ हळूहळू माशी होत जातो आणि गळून पडलेले स्वतःचे अवयव न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटात जपून ठेवतो. रंगभूषेसाठी या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. नखाचे दृश्य याच चित्रपटात आहे. मी आजही तिथे चष्मा काढून ठेवतो. पण ज्याने घरात दीर्घ आजार पाहिला आहे त्याला इथे रक्तापेक्षा त्या माणसाचे स्वतःच्या अवस्थेवर विनोद करणे अधिक लागते. कोराली फार्झा यांच्या 'द सब्स्टन्स' (२०२४) या चित्रपटालाही रंगभूषेचेच ऑस्कर मिळाले, आणि वय लपवण्याच्या हट्टाची किंमत तो अवयवागणिक वसूल करतो.

मराठी वाचकाने याच पायरीवर राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) पाहावा किंवा पुन्हा पाहावा. तो हिंदीत असला तरी त्याचा पाऊस, वाडा आणि लोभ कोकणातला आहे. यात रक्ताचे पाट नाहीत. देवीच्या गर्भाशयाच्या लाल, ओलसर भिंती आहेत आणि शापाने कुजत राहूनही मरू न शकणारी आजी आहे. ती आजी आणि नायकाचा मुलगा या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालकलाकाराने केल्या आहेत. हे माहीत असूनही आजीचे डोळे उघडतात तेव्हा त्याचा काही उपयोग होत नाही. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली.

पायरी सहावी: कुठे थांबावे

'सॉ' (२००४) आणि 'हॉस्टेल' (२००५) यांच्यानंतर माणसाचा दीर्घ छळ दाखवणाऱ्या चित्रपटांची लाट आली. पहिला 'सॉ' कोड्यासारखा रचलेला आहे आणि नावाच्या मानाने संयमी आहे. पुढच्या भागांत यंत्रे वाढत गेली आणि कोडे झिजत गेले. फ्रान्समधला 'मार्टर्स' (२००८) हा गंभीर चित्रपट आहे, पण नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. मी तो एकदा पाहिला, पुन्हा पाहणार नाही, आणि पाहिल्याचा पश्चात्तापही नाही.

'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०) बाबत मात्र माझा सल्ला स्पष्ट आहे: पाहू नये. नट जिवंत आहेत हे दिग्दर्शकाला इटलीच्या न्यायालयात सिद्ध करावे लागले, ही हकीकत लोक रंगवून सांगतात; त्यात प्राणी खरोखर मारले आहेत, हे सांगायचे विसरतात. जिथे मृत्यू खरा आहे तिथे खेळाचा नियम मोडला, आणि मग बघ्यात आणि प्रेक्षकात फरक राहत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या अपघातांच्या चित्रफितींनाही हेच लागू आहे. त्या सहज पाहणारा माणूस रबरी आतड्यांवर नाक मुरडतो तेव्हा मला गंमत वाटते.

पायरी सातवी: पाहण्याची बैठक

लॅपटॉपचा लहान पडदा आणि उजेड असलेली खोली सुरुवातीला पुरे. जेवणानंतर लगेच पाहू नये, उपाशीपोटीही पाहू नये. रिमोट सर्वांत घाबरणाऱ्या माणसाच्या हाती द्यावा; थांबवण्याची सोय स्वतःकडे आहे एवढ्याने भीती कितीतरी उतरते. कोणालाही 'बघच' म्हणून जबरदस्तीने बसवू नये. वसतिगृहात असताना आम्ही एका मित्राला असेच धरून बसवले होते. नेमकी दिवे जाण्याची वेळ साधली गेली, आणि अंधारात तो ज्या आवाजात ओरडला त्यानंतर त्याने आमच्याबरोबर कुठलाच चित्रपट पाहिला नाही. चूक सर्वस्वी आमची होती.

भारतात असे चित्रपट बहुधा 'ए' प्रमाणपत्राने येतात, म्हणजे अठरा वर्षांखालील प्रेक्षकाला चित्रपटगृहात प्रवेश नाही, आणि अनेकदा त्यांना कात्रीही लागलेली असते. एखादा मृत्यू अचानक तुटक वाटला तर दोष दिग्दर्शकाला देण्यापूर्वी चित्रपटाची लांबी मूळ लांबीशी ताडून पाहावी. घरी पाहताना ओटीटीवर मुलांसाठी पिन लावणे ही आपली जबाबदारी आहे.

पायरी आठवी: एकदा तरी रक्त स्वतः बनवावे

दहा चित्रपट पाहून जे कळत नाही ते एका वाटीत कळते. अमेरिकेत डिक स्मिथ या रंगभूषाकाराची कृती मक्याच्या सिरपवर आधारलेली होती आणि बहुतेकांनी तीच उचलली. आपल्याकडे केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारे लिक्विड ग्लुकोज चालते. ते न मिळाल्यास साखरेचा एकतारी पाक करावा आणि त्यात लिंबाचे चार थेंब पिळावेत, म्हणजे साखर पुन्हा धरत नाही. एक वाटी ग्लुकोजला पाव वाटीहून कमी पाणी, खाण्याचा लाल रंग थोडा थोडा करत, आणि निळ्या रंगाचा अगदी एक थेंब. नुसता लाल रंग सरबतासारखा दिसतो. निळ्याने त्याला खोली येते. मग अर्धा चमचा कोको पाण्यात कालवून घालावा, कारण खरे रक्त पारदर्शक नसते. चमच्यावरून सोडून पाहावे: धार तुटून थेंब पडला तर ताजी जखम, धार लांबत गेली तर जुनी. सुकलेल्या रक्तासाठी कोको वाढवावा.

आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पंधरा मिनिटे थांबावे, कारण काहींच्या त्वचेवर हा रंग दोन दिवस राहतो. मग जुना पांढरा बनियन घालून आरशासमोर उभे राहावे आणि गळ्यापासून खाली एक ओघळ सोडावा. तो ओघळ गळ्याच्या खळग्यात थोडा थांबतो, मग वाट शोधत खाली जातो. आपण स्वतः ढवळलेला पाक, वासही कोकोचा येत असतो, आणि तरी आरशातल्या त्या माणसाकडे पाहताना पोटात काहीतरी हलते. लादीवर सांडलेले थेंब लगेच गरम पाण्याच्या फडक्याने पुसावेत. सकाळपर्यंत राहिले तर मुंग्यांची रांग लागते, आणि लाल डाग कशामुळे पडला हे कामवाल्या मावशींना समजावून सांगणे कोणत्याही भयपटापेक्षा अवघड जाते.